वाळवंटातले ऊन पाण्याचे गाव

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या उत्सवात एक दिवस गाण्याचा, एक दिवस मुलांच्या स्पर्धांचा आणि एक दिवस व्याख्यानाचा असतो. व्याख्यान आरतीनंतर आणि महाप्रसादाच्या आधी ठेवायचे, म्हणजे श्रोते जागचे हलत नाहीत, ही आपल्या कार्यकर्त्यांची जुनी युक्ती मला ठाऊक आहे. तेव्हा पानांची वेळ मी चुकवणार नाही, एवढे आश्वासन आधीच देतो.

आजचा विषय आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातले एक छोटे गाव. त्याचे नाव डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज, म्हणजे आपल्या भाषेत वाळवंटातले ऊन पाण्याचे झरे. कुणी विचारील, राजस्थानात बसून अमेरिकेतल्या वाळवंटाची चौकशी कशाला? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्यापैकी बऱ्याच घरांतले मुलगे-सुना, लेकी-जावई आज कॅलिफोर्नियात आहेत आणि आई-वडील नातवंडांसाठी तिकडे जाऊन राहतात. लॉस एंजेलिसहून हे गाव मोटारीने दोन-अडीच तासांवर, साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. तिथे गेलात तर पाहून या. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. हे गाव बाहेरून आलेल्या माणसांनी वसवले, आणि आपणही इथे बाहेरूनच आलो आहोत. कुणी रेल्वेत आले, कुणी बँकेत, कुणी लष्करात, कुणी धंद्यासाठी. बाहेरून आलेला माणूस गावचा केव्हा होतो, हा प्रश्न आपल्याला कधी ना कधी पडतोच. या गावाच्या इतिहासात त्याचे काही उत्तर मिळते, असे मला वाटते.

आधी जागा समजून घेऊ. दक्षिण कॅलिफोर्नियात कोचेला नावाची लांबट दरी आहे. दरीच्या एका बाजूला सॅन हॅसिंटो पर्वत आहे. त्याची उंची ३,३०० मीटर असून हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ असते. दरीच्या तळाशी पाम स्प्रिंग्ज हे श्रीमंतांचे प्रसिद्ध शहर आहे आणि त्याच्या समोर, दरीच्या उत्तरेकडच्या उतारावर, आपले गाव. पाऊस जोधपूरच्या निम्म्याहूनही कमी. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत सहज चढतो. पश्चिमेकडच्या खिंडीतून वारा असा येतो की, १९८० च्या दशकापासून तिथे हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जैसलमेरच्या रस्त्याने गेलेल्यांना ते दृश्य वेगळे वर्णन करून सांगायला नको.

आता एवढ्या कोरड्या जागी ऊन पाणी कुठून आले? या गावाच्या पोटातून जमिनीची एक प्रचंड भेग जाते. सॅन अँड्रियास नावाची जी भेग आहे, जिच्यामुळे कॅलिफोर्नियात भूकंप होतात, तिचीच ही एक शाखा. तिला मिशन क्रीक असे नाव आहे. भेगेच्या दोन्ही बाजू हजारो वर्षे एकमेकींवर घासल्यामुळे मधल्या खडकाचे बारीक पीठ झाले आहे. ओल्या चिकणमातीसारखे हे पीठ जमिनीखाली बांधाचे काम करते आणि पाणी इकडून तिकडे सहजासहजी जाऊ देत नाही. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ जमिनीत मुरते. त्यातले काही पाणी खूप खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि भेगेच्या वाटेने पुन्हा वर येते. परिणाम असा की, भेगेच्या ईशान्येकडच्या बाजूला विहीर खणली तर ऊन पाणी लागते आणि नैर्ऋत्येकडच्या बाजूला खणली तर गार आणि गोड पाणी लागते. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, दोन्ही!

इथे ज्वालामुखीचा काही संबंध नाही. आपल्या कोकणातल्या झऱ्यांचेही तसेच आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून खाली राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत ऊन पाण्याची कुंडे साधारण एका ओळीत येतात, कारण तिथेही खडकातल्या खोल भेगांतूनच पाणी वर येते. फरक एवढाच की, कोकणात पाणी आपणहून कुंडात येते आणि देवळाच्या शेजारी कुणीही स्नान करू शकतो. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्ये नावात झरे असले तरी तलावांत येणारे पाणी विहिरींतून पंपाने उपसावे लागते. काही ठिकाणी ते इतके कढत असते की, निवल्याशिवाय अंगावर घेता येत नाही. त्याला गंधकाचा वास मात्र येत नाही, आणि तिथले हॉटेलवाले हे आवर्जून सांगतात.

गाव बाहेरच्यांनी वसवले असे मी म्हणालो, पण जमीन रिकामी नव्हती. या दरीत शेकडो वर्षांपासून काहुइया नावाचे आदिवासी लोक राहत आले आहेत. पाम स्प्रिंग्जचा ऊन पाण्याचा झरा त्यांचाच. त्यांच्या एका शाखेचे नावच मुळी ‘आग्वा कॅलिएन्ते’, म्हणजे स्पॅनिश भाषेत ऊन पाणी. उत्तरेच्या उतारावर भेगेच्या रेषेत पाणी जमिनीच्या जवळ येते, तिथे ताडासारखी झाडे झुपक्याने उगवतात. वाळवंटात झाड दिसले की खाली पाणी आहे, हे काहुइयांना पक्के ठाऊक होते. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. हे लोक वाळूत उतरत्या विहिरी खणत. पायऱ्या किंवा उतार करून माणूस चालत पाण्यापर्यंत जाई आणि मडके भरून वर येई. १८५३ मध्ये रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी आलेल्या सरकारी पथकाला अशा विहिरी दिसल्या होत्या. दरीतल्या एका शहराचे ‘इंडियन वेल्स’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. आपल्या मारवाडातल्या दगडी बावड्या आणि झालरे कितीतरी भव्य आहेत, पण पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरायचे, ही मूळ कल्पना दोन वाळवंटांतल्या दोन समाजांना एकमेकांना न भेटता सुचली.

आता येतो आपल्या गोष्टीचा नायक. त्याचे नाव कॅबट यर्क्सा. जन्म १८८३ चा, डाकोटा प्रांतातला. तरुणपणी अलास्कात सोन्याची धांदल चालली होती तेव्हा तिकडे जाऊन आलेला. पुढे यर्क्सा कुटुंबाने कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागांत पैसा घातला. जानेवारी १९१३ मध्ये अशी विलक्षण थंडी पडली की बागाच्या बागा गोठल्या आणि कुटुंबाचा पैसा बुडाला. त्याच वर्षी, तिशीतला कॅबट या वाळवंटात आला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सरकार १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देत असे, पण अट अशी की, ठरावीक वर्षे तिथे प्रत्यक्ष राहून जमीन कसली किंवा सुधारली पाहिजे. तरच सातबारा तुमच्या नावावर. त्याच्या आधी आलेली काही एकटी-दुकटी माणसे होती. त्यांत हिल्डा ग्रे नावाची एक बाईही होती. ती त्या उजाड माळावर एकटी राहत असे. धाडसाचा मान फक्त पुरुषांना देऊ नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कॅबटची मोठी अडचण म्हणजे प्यायचे पाणी. जवळचे पाणी गार्नेट नावाच्या रेल्वे स्टेशनात. अंतर सात मैल, म्हणजे जाऊन-येऊन चौदा. पाणी आणायचे ते वाळू तुडवत. पुढे त्याने एक गाढव घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘मेरी ख्रिसमस’. ज्या माणसाला पाण्यासाठी चौदा मैल चालावे लागते आणि तरी गाढवाला असले नाव ठेवावेसे वाटते, त्याचा स्वभाव कसा असेल याची कल्पना करा. मग त्याने कुदळ आणि फावडे घेऊन हाताने विहीर खणली. पाणी लागले, पण ते ऊन! तहानेने खणावे आणि आंघोळीचे पाणी लागावे, असा प्रकार. त्याने हार न मानता थोड्या अंतरावर दुसरी विहीर खणली आणि तिला गार पाणी लागले. नकळत त्याने भेगेच्या दोन बाजूंना हात घातला होता. त्या टेकडीला त्याने ‘मिरॅकल हिल’, म्हणजे चमत्काराची टेकडी, असे नाव दिले.

एवढा शोध लागूनही गाव लगेच वसले नाही. पाणी सापडल्यापासून गाव उभे राहीपर्यंत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे गेली. बरेच जण आले, कंटाळले आणि झोपड्या तशाच टाकून निघून गेले. पहिल्या महायुद्धात कॅबट स्वतः लष्करात गेला आणि पुढेही काही वर्षे बाहेर होता. पण तो परत आला.

गाव वसवले ते एल. डब्ल्यू. कॉफी या जमिनीच्या व्यापाऱ्याने. त्याने ऊन पाण्याचे मोल ओळखले, जमिनीचे चौरस तुकडे पाडले आणि १२ जुलै १९४१ रोजी आपले स्नानगृह थाटामाटात उघडले. मूळ गाव जेमतेम एक चौरस मैलाचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. अशा वेळी पर्यटनाचा धंदा कसा चालणार? पण युद्ध संपल्यावर गावाचे दिवस पालटले. १९४७ मध्ये जॉन लॉटनर या नामवंत वास्तुशिल्पकाराने इथे चार खोल्यांचे एक मोटेल बांधले. वाऱ्याला आणि उन्हाला तोंड देणाऱ्या काँक्रीटच्या भिंतींची ती इमारत आजही वास्तुकलेचे विद्यार्थी पाहायला येतात. १९५० च्या दशकात दहा-बारा खोल्या आणि मध्ये ऊन पाण्याचा तलाव, अशी छोटी छोटी हॉटेले गल्लोगल्ली निघाली. थंड प्रदेशातले म्हातारे-कोतारे हिवाळ्यात इथे येऊन गुडघे शेकू लागले.

ऊन पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, बरे वाटते, झोप लागते, हा अनुभव कोकणातही आहेच. सगळे रोग बरे होतात असे म्हणणाऱ्याकडे मात्र साशंकतेने पाहावे. पण एक चांगली नोंद सांगतो. अमेरिकेत पोलिओने थैमान घातले होते तेव्हा, १९५४ मध्ये, पोलिओ झालेल्या मुलांसाठी या गावात ‘एंजल व्ह्यू’ नावाची संस्था सुरू झाली. पोलिओ गेला, पण संस्था राहिली आणि अपंगांसाठी काम करत राहिली. गावाच्या इतिहासात मला हॉटेलांपेक्षा हे पान मोलाचे वाटते.

१९६३ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. त्या वेळी वस्ती अवघी हजाराच्या घरात होती. १९९० च्या जनगणनेत ती साडेअकरा हजारांवर गेली आणि २०२० च्या जनगणनेत ३२,५१२ झाली. आकडे पाहिले तर प्रगती दिसते, पण आत वेगळीच कथा आहे. दरीतल्या श्रीमंत शहरांत मोलमजुरी करणारी, हॉटेलांत काम करणारी माणसे स्वस्त घरांसाठी इकडे आली. आता पाहा, बाहेरून आलेल्यांच्या या गावाने नव्याने येणाऱ्यांचे कसे स्वागत केले. कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांची एक योजना आली, तेव्हा नगरपालिकेने तिला मोडता घातला. योजनावाले न्यायालयात गेले. निकाल नगरपालिकेच्या विरुद्ध लागला, भरपाईचा आकडा तिच्या तिजोरीबाहेरचा होता आणि डिसेंबर २००१ मध्ये नगरपालिकेला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्यातून सावरायला काही वर्षे लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये पुन्हा आर्थिक आणीबाणी जाहीर झाली. मग २०१४ मध्ये गावाने औषधी गांजाच्या मोठ्या प्रमाणावरील लागवडीला परवानगी दिली. दक्षिण कॅलिफोर्नियातले असे करणारे हे पहिले शहर. त्याच्या करावर नगरपालिकेच्या तिजोरीला हातभार लागला. जैसलमेरचे सरकारमान्य भांगेचे दुकान पाहिलेल्यांना याचे फार आश्चर्य वाटणार नाही, पण आरोग्यासाठी प्रसिद्ध झालेल्या गावाला गांजाचा आधार घ्यावा लागला, हे विचार करण्याजोगे आहे खरे.

यापेक्षाही मोठे संकट जमिनीखाली होते. गाव भराभर वाढले, पण घरोघरी सेप्टिक टँक. हजारो घरांचे सांडपाणी त्याच वाळूत मुरत होते, जिच्या खाली प्यायचे गार पाणी आणि स्नानाचे ऊन पाणी होते. ज्या पाण्याच्या जिवावर गाव उभे राहिले, तेच नासले तर उरणार काय? तिथली पाणीपुरवठा संस्था, मिशन स्प्रिंग्ज वॉटर डिस्ट्रिक्ट, १९५३ पासूनची. तिने घरोघरचे सेप्टिक टँक बंद करून ड्रेनेज लाइन टाकण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि घरमालकांनी त्यासाठी स्वतःवर जादा आकारणी मान्य केली. हे लोक काही गर्भश्रीमंत नव्हते. दिवाळखोरी पाहिलेले गाव ते! तरी जमिनीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी त्यांनी खिशात हात घातला. या गावाच्या नळाच्या पाण्याला चवीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये अनेकदा पारितोषिके मिळाली आहेत. तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

ही भेग पाणी देते तशी धक्केही देते. ४ डिसेंबर १९४८ रोजी या परिसरात मोठा भूकंप झाला. तो भूगर्भशास्त्रात या गावाच्याच नावाने ओळखला जातो. जुलै १९८६ मध्ये पुन्हा एक झाला. तरी लोक तिथेच राहिले.

आता कॅबटकडे परत जाऊ. कॉफीने स्नानगृह उघडले त्याच १९४१ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कॅबटने टेकडीच्या पायथ्याशी एक घर बांधायला घेतले. आपल्याकडे त्या वयात माणूस निवृत्तीचे कागद भरतो. होपी आदिवासींच्या मातीच्या बहुमजली घरांचा नमुना त्याने डोळ्यांपुढे ठेवला. सामान कुठले? सोडून गेलेल्यांच्या झोपड्यांच्या फळ्या, टाकून दिलेले खांब, मिळतील त्या काचा. कंटाळून निघून गेलेल्या माणसांच्या घरांतून त्याने न कंटाळणाऱ्या माणसाचे घर उभे केले. चार मजले, ३५ खोल्या, ६५ दारे आणि १५० खिडक्या, त्याही निरनिराळ्या मापांच्या. १९६५ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी तो वारला, तोपर्यंत काम चालूच होते.

त्याच्या मागे घर ओस पडले. दारे-खिडक्यांची मोडतोड झाली आणि ते पाडून टाकायचे घाटत होते. तेव्हा कॅबटचा मित्र कोल आयरॉड याने ते विकत घेतले, दुरुस्त केले, कुटुंबासह तिथे राहून त्याचे संग्रहालय चालवले. १९९६ मध्ये तो वारल्यावर पुढे कुटुंबीयांनी ते घर नगरपालिकेला देऊन टाकले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याची नोंद झाली. विहीर खणणाऱ्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. घर वाचवणाऱ्याचे नाव फारसे कुणी घेत नाही, म्हणून मी घेतले.

मंडळी, मघाचा प्रश्न आठवा. बाहेरून आलेला माणूस गावचा केव्हा होतो? रेशनकार्डावर पत्ता आला म्हणजे होतो का? मुले तिथली भाषा आपल्यापेक्षा सफाईने बोलू लागली म्हणजे होतो का? मला या गावाच्या इतिहासातून असे दिसते की, जे आपल्या एकट्याच्या मालकीचे नाही ते जपायला माणूस जेव्हा पदरमोड करतो, तेव्हा तो त्या गावचा होतो. कॅबट सातबारा मिळाला म्हणून नव्हे, परत येऊन राहिला म्हणून गावचा झाला. आयरॉड दुसऱ्याचे घर वाचवून गावचा झाला. घरमालक ड्रेनेजचे पैसे भरून गावचे झाले. आणि ज्यांनी दुसऱ्या गरिबांची घरे अडवली, त्यांनी गावालाच खड्ड्यात घातले.

आपल्या जोधपूरचेच पाहा. जुन्या लोकांनी पावसाचा थेंब न् थेंब धरून ठेवण्यासाठी बावड्या, झालरे, तलाव बांधले. कालव्याचे पाणी नळाला आले आणि आपण ते सारे विसरलो. बावड्यांत कचरा साठला आणि वापर थांबलेले भूजल जुन्या शहरात वर येऊन तळघरांत शिरू लागले. तूरजी का झालरा गाळ काढून पुन्हा मोकळा झाला तेव्हा त्याचे सौंदर्य पाहायला आपण सगळे गेलो, फोटोही काढले. पण गाळ काढणाऱ्यांत आपण किती जण होतो?

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, पुढच्या वर्षीपासून मंडळाची मूर्ती शाडूची असावी आणि विसर्जन इथल्या जुन्या तलावात न करता मंडपाशेजारी हौद करून व्हावे. दुसरी, उत्सवाच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढून, दरवर्षी एका रविवारी आपण सगळ्यांनी, मुलाबाळांसह, शेजारच्या मारवाडी बांधवांना बरोबर घेऊन, जवळच्या एका बावडीची सफाई करावी. सुरुवातीला लोक हसतील. कॅबटच्या गाढवाच्या नावालाही हसले असतील.

आपल्या बाप्पाला पाहुणा म्हणून आणतो आणि पाण्यात निरोप देतो. ज्या गावाने आपल्याला पाणी दिले, त्या गावाचे पाणी आपल्या हातून नासू नये, एवढी बुद्धी बुद्धिदात्याने आपल्याला द्यावी, ही प्रार्थना करतो आणि तुमची पाने वाढली आहेत असे पाहून इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!